पट्टा कोणी शिवला?

मित्रांनो, मी एक जुने मनगटी घड्याळ आहे. मलायातल्या ताइपिंग गावात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर कॉफीचे एक दुकान आहे. त्याच्या माडीवर, काचेच्या कपाटात मी राहतो. माझी तबकडी पिवळी पडली आहे. अंधारात हिरवे चमकणारे माझे आकडे कधीच विझले. तरी रोज सकाळी घरातले कोणी ना कोणी मला चावी देते आणि मी चालू लागतो. दिवसभरात थोडा मागे पडतो, पण ते कोणी मनावर घेत नाही.

मला पाहायला आलेली मुले आधी माझी तबकडी बघतात. मला मात्र वाटते, त्यांनी माझा पट्टा बघावा. निळ्या सुताच्या जाड विणीचा, कडेला लाल दोरा असलेला, आतून पातळ चामडे लावलेला. माझी सगळी कहाणी त्या पट्ट्याची आहे.

माझा जन्म स्वित्झर्लंडमधला. त्यातले मला फार आठवत नाही. एक दिवा, एक भिंग आणि माझे स्क्रू पिळणारी थंडगार बोटे, एवढेच. मग जहाजाने पेनांग, तिथून आगगाडीने ताइपिंग, आणि तिथल्या मोठ्या रस्त्यावरच्या दुकानाची काच. त्या काचेमागे मी बरेच दिवस पडून होतो. एका दुपारी एक बाई दुकानात आली. तिच्या बोटांच्या टोकांना सुईचे घट्टे पडले होते. तिने इतर कुठलेच घड्याळ हातात घेतले नाही. "अंधारात दिसतं ते कुठलं?" एवढे विचारले आणि मला घेऊन गेली.

तिचे नाव कू ग्वात-इम. नवऱ्या मुलींसाठी मण्यांच्या चपला भरण्याचे काम ती करायची. आईवडील लवकर गेले, तेव्हा धाकट्या भावाला, बेंग-स्वीला, तिनेच वाढवले. मी आलो तेव्हा तो विशीचा होता आणि कथलाच्या खाणीतली माती ट्रकने बंदरावर नेत असे. ते साल १९३९ होते. चीनमध्ये लढाई पेटली होती. त्यांचे आजे-पणजे ज्या देशातून आले, त्या देशाची सगळी बंदरे शत्रूने घेतली होती. डोंगरांतून जाणारा एकच रस्ता उरला होता, आणि त्या रस्त्यावर ट्रक चालवायला माणसे हवी होती. मलायातून शेकडो तरुण निघाले होते.

मला विकत घेण्याच्या आदल्या संध्याकाळी त्या घरात काय बोलणे झाले, ते मी पुढे ग्वात-इमच्याच तोंडून ऐकले.

जेवता जेवता बेंग-स्वी म्हणाला, "ताई, मी नाव दिलंय."

"कशाला?"

"तिकडे ट्रक चालवायला."

"का? इकडचे ट्रक संपले?"

त्याने भाताचा मोठा घास घेतला. ती म्हणाली, "तुला कंटाळा आला की तू काहीतरी काढतोसच. मागच्या वर्षी मुष्टियुद्ध काढलं होतंस. दोन दात हलवून घेतलेस आणि सोडून दिलंस."

"हे तसं नाही, ताई."

"ते कळतंय मला," ती म्हणाली. "म्हणून तर बोलतेय."

आणि दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन आली. स्टेशनवर तिने स्वतः मला त्याच्या मनगटावर बांधले. आजूबाजूला बँड वाजत होता, लोक फुले फेकत होते. ती त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "हे बघायचं आणि वेळेवर जेवायचं. तुम्ही ट्रकवाले जेवत नाही." तो हसला. गाडी हलली. ती हात हलवत नव्हती. दोन्ही हात पोटाशी धरून उभी होती.

मित्रांनो, माझ्या उमेदीची वर्षे त्या डोंगरी रस्त्यावर गेली. एका बाजूला कडा, एका बाजूला दरी, आणि मध्ये ट्रक जेमतेम जाईल एवढी वाट. पावसात ती वाट साबणासारखी निसरडी व्हायची. वर आकाशात विमाने. खाली दऱ्यांत तापाची साथ. बेंग-स्वीला दोनदा ताप आला. थंडीने त्याचे हात इतके थरथरायचे की माझे काटे मलाच दिसायचे नाहीत. पण तो मला रोज चावी द्यायचा. ताफ्यातली मुले त्याला विचारायची, "स्वी, किती वाजले?" आणि तो अभिमानाने हात पुढे करायचा. त्या ताफ्यात घड्याळ फक्त त्याच्याकडेच होते.

घामाने आणि ओलीने माझा चामड्याचा पट्टा कुजला. एके दिवशी इंजिनाचा दांडा फिरवताना तो तुटला आणि मी चिखलात पडलो. बेंग-स्वीने मला पुसले, रुमालात गुंडाळले आणि खिशात ठेवले. खिशात मी बंद पडलो.

मोठ्या नदीच्या अलीकडे एक लांब चढ होता. त्या चढावर लाओशू-पो नावाचे चार घरांचे गाव आणि तिथे चहाची एक टपरी होती. ताफा इंजिने थंड करायला तिथे थांबला. टपरीवर विशीतली एक बाई होती. तिचे नाव दुआन यू-चिन. त्या डोंगरांत खेचरांच्या पाठीवरचे ओझे बांधायला सुताचे जाड पट्टे विणतात. ती तसले अरुंद पट्टे विणायची आणि ट्रकवाल्यांना त्यातून कमरेचे, पाकिटाचे, काय हवे ते शिवून द्यायची.

बेंग-स्वी तिच्यासमोर दगडावर बसला. त्याची बोली तिला अर्धीच कळायची, तिची त्याला.

"किती वेळ लागेल?" त्याने विचारले.

"घड्याळ तुझं आहे. तूच बघ."

तो थोडा वेळ तिचे टाके बघत राहिला. मग म्हणाला, "माझी बहीण मण्यांच्या चपला भरते. एक टाका वाकडा दिसला तर सगळं उसवून टाकते."

"मग तिच्याकडे जा ना पट्टा शिवायला. लांब आहे का?"

"लांब आहे."

तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिले. टाका घालायची थांबली. मग म्हणाली, "हात पुढे कर, माप घेऊ दे. केवढंसं मनगट हे! जेवत नाहीस का?"

"घड्याळ बंद होतं," तो म्हणाला. "जेवायची वेळ कळली नाही."

ती हसली. मोठ्याने, डोके मागे टाकून हसली. चुलीवरच्या शेवयांचा वाडगा तिने त्याच्यापुढे सरकवला, आणि तो खात असताना पट्टा पुरा केला. त्याला एकच भोक पाडले. मोबदला म्हणून तिने पेट्रोलचा रिकामा डबा मागितला, पाणी भरायला. त्याने दोन दिले. मग मला चावी दिली, आणि मी पुन्हा चालू लागलो.

त्यानंतर त्या चढावरून आम्ही दोनदा गेलो, पण ताफा थांबला नाही. एकदा त्याने भोंगा वाजवला. ती चुलीपाशी वाकली होती. तिने वर पाहिले की नाही, ते मला दिसले नाही.

पुढच्या पावसाळ्यात नदीपलीकडच्या एका वळणावर रस्त्याची कड खचली. ट्रक दरीत गेला. त्याविषयी मी जास्त सांगणार नाही. बेंग-स्वीचा हात शांत झाला आणि मी त्याच्यावर चालतच राहिलो, चावी संपेपर्यंत. कोणी यावे आणि मला थांबवावे असे मला वाटत होते.

दुसऱ्या ताफ्यातला ल्योंग फूक-साँग नावाचा इपोहचा ड्रायव्हर दोरीने खाली उतरला. चौघांनी मिळून बेंग-स्वीला रस्त्याच्या वरच्या अंगाला पुरले. ल्योंगने मला साबणाच्या डबीत ठेवले. लढाई संपेपर्यंत मी त्या डबीत होतो. १९४६ साली तो मलायात परतला आणि घरी जाण्याआधी ताइपिंगला आला.

ग्वात-इमचे तेव्हा लग्न झाले होते, एक लहान मुलगा होता, आणि नवऱ्याचे हे कॉफीचे दुकान होते. दुकानाच्या मागच्या खोलीत ल्योंगने डबी तिच्यापुढे ठेवली. काय झाले ते त्याने सांगितले. तो डोंगर पुढे घसरला आणि खूणही राहिली नाही, हेही सांगितले. ती रडली नाही. तिने मला हातात घेतले, उलटे केले, आणि पट्ट्यावरून बोट फिरवले.

"हा पट्टा मी दिलेला नाही."

"नसेल, ताई. तिकडे चामडं टिकत नाही."

"कोणी शिवला?"

"मला नाही माहीत. आमचे ताफे वेगळे होते."

"त्याला समोर बसवून शिवलाय," ती म्हणाली. "बघा ना. एकच भोक आहे, आणि अगदी त्याच्या मनगटाचं. म्हणजे ही बाई त्याला भेटली होती. मी सोडल्यानंतर तिने त्याला बघितलंय."

"बाईच कशावरून? एखाद्या चांभाराने..."

"चांभार एवढा वेळ देत नाही," ग्वात-इम म्हणाली. आणि तेव्हा ती रडली.

त्या दिवसापासून तिच्या मनाने एकच घेतले. त्या बाईला भेटायचे. बेंग-स्वी शेवटी कसा दिसत होता, काय बोलत होता, हसत होता का, हे जगात फक्त त्या बाईला माहीत असणार. हळूहळू तिला वाटू लागले की ती आपली भावजय असेल. कदाचित एखादे मूलही असेल. तिने त्या अनोळखी भावजयीसाठी मण्यांच्या चपलांचा एक जोड भरला. लाल मणी, पांढरे पक्षी. मापाचा अंदाज स्वतःच्या पायावरून केला. नवरा म्हणायचा, "ज्या बाईचं नाव माहीत नाही तिच्या पायाचं माप तुला माहीत आहे." ती म्हणायची, "तुमच्या पायाचं माप मला माहीत आहे, काय फायदा झाला?"

पण चीनचे दरवाजे बंद झाले. इकडच्या लोकांना तिकडे जायला बंदी होती. वर्षे गेली. नवरा गेला. इपोहला ल्योंगही वारला. एक दिवस ग्वात-इमने मला चावी दिली नाही. चपलांच्या जोडासोबत मला एका कापडात बांधले आणि खणात ठेवून दिले.

मित्रांनो, खणात काय असते ते मी तुम्हाला सांगतो. सुया, रिकाम्या रिळांचा ढीग आणि कापराचा वास. बाहेरून माणसांची पावले ऐकू येतात. कोणी खण उघडला की आपल्यालाच शोधताहेत असे वाटते. मग कात्री उचलली जाते आणि खण बंद होतो. असे किती वेळा झाले, मला सांगता येणार नाही.

शेवटी मला बाहेर काढले ते स्यू-फोंगने. ती ग्वात-इमची सून. चिनी शाळेत शिकवायची. तिलाही कात्रीच हवी होती, पण तिने कापड सोडले. मला चावी दिली, कानाला लावले, आणि मी चालू लागलो.

"आई, हे कुणाचं?"

ग्वात-इम खालून म्हणाली, "ठेव ते जागच्या जागी."

"चालतंय ते."

मग जिन्यावर पावले वाजली. त्या दुपारी ग्वात-इमने सुनेला पट्ट्याची सगळी हकिगत सांगितली. सून लग्न होऊन आली त्याला बारा-तेरा वर्षे झाली होती, आणि बेंग-स्वीचे नाव तिने पहिल्यांदाच ऐकले.

स्यू-फोंग गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. सुट्टी मिळाली की मला पिशवीत घालून ती त्या रस्त्यावरून परतलेल्या म्हाताऱ्यांना शोधत फिरू लागली. कोणी बहिरे झाले होते, कोणाला बोलायचे नव्हते. अखेर पेनांगला एका जुन्या मेकॅनिकने मला डोळ्यांजवळ धरले आणि तो हसला. "ही खेचराच्या पट्ट्याची वीण. लाओशू-पोच्या चढावर एक टपरीवाली हे करायची. जिभेची तिखट होती."

काही वर्षांनी, १९९० साली, बंदी उठली. ग्वात-इम तेव्हा ऐंशीला टेकली होती. मुलगा म्हणाला, "आईला एवढा प्रवास झेपायचा नाही." स्यू-फोंग म्हणाली, "मग तुम्ही सांगा त्यांना." त्याने काही सांगितले नाही.

ग्वात-इमने मला स्वतःच्या मनगटावर बांधले, स्वेटरच्या बाहीवरून, कारण नुसत्या हातावर मी सैल होत होतो. विमान, मग बस, मग एक खडखडणारी जीप. घाट लागला तेव्हा ती खिडकीतून दरीकडे बघत राहिली. एकदाच म्हणाली, "इथून तो ट्रक न्यायचा. आणि मी त्याला सायकल हळू चालव म्हणून ओरडायचे."

लाओशू-पोला आता टपरी नव्हती. नवा रस्ता खालून गेला होता. एका अंगणात एक म्हातारी अक्रोड फोडत बसली होती. स्यू-फोंगने नाव विचारले. ती दुआन यू-चिनच होती. मी तिला लगेच ओळखले. मान तिरकी करून बघण्याची तऱ्हा तीच होती.

ग्वात-इमने मला सोडून तिच्या हातात दिले. यू-चिनने पट्टा उलटा केला, उन्हात धरला.

"माझाच टाका आहे," ती म्हणाली. "कुणाचं हे?"

"माझ्या भावाचं. कू बेंग-स्वी. मलायाहून आला होता, ट्रक चालवायचा," ग्वात-इम म्हणाली, आणि स्यू-फोंगने ते तिकडच्या बोलीत सांगितले.

यू-चिन खूप वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "मुली, खोटं कशाला बोलू. किती यायचे. सगळे मलायाचे, सगळे ट्रकवाले, सगळे उपाशी. पट्टे मी ढिगाने शिवले. हा कोणता, मला नाही गं आठवत."

मित्रांनो, त्या क्षणी मला वाचा असती तर! तो दगड, तो वाडगा, ते पेट्रोलचे दोन डबे, ते तिचे स्वतःचे हसणे. सगळे माझ्याजवळ होते. मी जिवाच्या आकांताने टिकटिक करत राहिलो. मला तेवढेच येते.

ग्वात-इमने विचारले, "काय म्हणाली?"

स्यू-फोंग बोलेना. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. 'आठवतो म्हणाली, फार चांगला मुलगा होता म्हणाली', एवढेच तिला बोलायचे होते. सासूला ते खरे वाटले असते.

"स्यू-फोंग," ग्वात-इम म्हणाली, "मी एवढ्या लांब गोड ऐकायला आलेली नाही. काय म्हणाली?"

"आई, त्यांना आठवत नाहीत मामा. खूप जण यायचे म्हणतात."

ग्वात-इमने मान हलवली. अंगणातल्या एका कोंबडीकडे ती बराच वेळ बघत बसली. मग तिने पिशवीतून कापड काढले आणि चपलांचा जोड यू-चिनपुढे ठेवला. "या तुझ्यासाठी केल्या होत्या. मला वाटलं होतं, तू माझी भावजय असशील."

हे ऐकून यू-चिन चकित झाली आणि मग हसू लागली. "भावजय? अहो, माझा नवरा तेव्हा मागच्या खोलीत खेचरांना चारा घालत होता. त्याने ऐकलं असतं तर चाराच टाकला असता माझ्यापुढे." तिने चपला पायात घालून पाहिल्या. नुसती बोटेच आत गेली. तिचे पाय डोंगरात चालून रुंद झाले होते. तरी तिने त्या काढल्या नाहीत. तशाच, टाचा बाहेर ठेवून, घालून बसली. मणी बोटाने चाचपत म्हणाली, "एकही टाका वाकडा नाही."

मग तिची नजर माझ्यावर गेली. "हा उसवलाय कडेला. बसा. देते शिवून." घरातून तिने सुई-दोरा आणला. नजर साथ देत नव्हती, म्हणून दोरा स्यू-फोंगने ओवला. पहिला टाका घालून यू-चिन म्हणाली, "कसा होता तो? सांगा ना. हात चालू असला की मला काहीतरी ऐकायला लागतं."

ग्वात-इम ऐकायला आली होती. सांगायचे तिच्या मनात नव्हते. मग अडखळत तिने सुरुवात केली. बेंग-स्वी झोपेत गायचा, म्हणाली, आणि जागेपणी त्याला एकही सूर लागायचा नाही. तळ्यावर पोहायला गेला की सदरा विसरून यायचा. खाणीचा ट्रक घेऊन एकदा त्याने अख्ख्या वरातीला पोहोचवले होते, आणि वाऱ्याने नवरीचा मुकुट उडाला तर तो उसाच्या शेतात धावत गेला.

"सापडला?" यू-चिनने विचारले.

"सापडला. त्यात मुंग्या होत्या."

यू-चिन हसली. डोके मागे टाकून. मी ते हसणे पुन्हा ऐकले.

ग्वात-इम बोलतच राहिली. जे तिने नवऱ्याला सांगितले नव्हते, मुलाला सांगितले नव्हते, ते ती एका परक्या अंगणात सांगत होती. मध्येच रडली, मध्येच हसली. स्यू-फोंग एकीचे दुसरीला सांगून सांगून थकली. पट्टा शिवून झाला होता, तरी यू-चिनने सुई खाली ठेवली नव्हती. उन्हे भिंतीवर चढली तेव्हा ग्वात-इमचे बोलणे संपले.

यू-चिनने दोरा दातांनी तोडला. "मला तो आठवत नाही," ती म्हणाली. "पण आता ओळखते मी त्याला. आमच्याकडे पूर्वजांच्या दिवशी गेलेल्यांसाठी चहाचे पेले भरतात. यंदापासून त्याचाही भरीन. नाव परत एकदा सांगा, नीट."

ग्वात-इमने नाव सांगितले. यू-चिनने ते म्हणून पाहिले, चुकले, पुन्हा म्हटले. ग्वात-इमने तिचे उच्चार दुरुस्त केले. बरोबर येईपर्यंत दोघी म्हणत राहिल्या.

ताइपिंगला परतल्यावर ग्वात-इम फार वर्षे राहिली नाही. पण जोवर होती तोवर दुकानात जो येईल त्याला ती भावाविषयी सांगायची. गिऱ्हाइकांची कॉफी निवून जायची. माझ्या पट्ट्यावर आता दोन दोरे आहेत. एक फिका, एक गडद. दोन्ही एकाच हाताचे आहेत.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादे जुने घड्याळ खणात असेल तर त्याला बाहेर काढा. पुसा, चावी द्या. बंद असेल तरी चालेल. आम्हाला जे माहीत असते ते आम्हाला सांगता येत नाही. म्हणून ते घड्याळ ज्याचे होते त्याच्याविषयी घरात विचारा. आणि घरात सर्वांत मोठे तुम्हीच उरला असाल, तर कोणी विचारण्याची वाट पाहू नका. ज्याला तो गेलेला माणूस मुळीच माहीत नाही, त्याच्याजवळ बसा आणि सांगायला लागा.